नैसर्गिक शरीरसौष्ठव: संयम नेमका किती दिवसांचा ठेवायचा?

वारणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. गेली दोन वर्षे मी गावातल्या व्यायामशाळेत नियमाने जात आहे. माझे वय ३४, उंची ५ फूट ७ इंच. सुरुवात केली तेव्हा वजन ६१ किलो होते, आज ते ६६ किलो आहे. दंडाचा घेर साडेबारा इंचांवरून साडेतेरा इंचांवर आला. इंजेक्शन किंवा गोळी मी आजवर घेतलेली नाही आणि पुढेही घ्यायची नाही, हे पक्के ठरवलेले आहे.

माझ्या अस्वस्थतेचे कारण सांगतो. या फेब्रुवारीत आमच्याकडे एका तरुणाने प्रवेश घेतला. जूनपर्यंत त्याचे वजन दहा किलोंनी वाढले, खांदे भरले, पाठ रुंदावली. आपण काय घेतो हे तो लपवतही नाही. मी प्रशिक्षकांना विचारतो, तेव्हा ते एवढेच म्हणतात की संयम ठेवा. पहिल्या वर्षी या शब्दाने धीर मिळत असे. आता तो ऐकला की आपल्या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही असे वाटते. म्हणून जाणकारांना विचारतो: नैसर्गिक मार्गाने शरीर कमावताना संयमाची मुदत किती असते, आणि आपण संयम पाळत आहोत की नुसतेच थांबलो आहोत, हे ओळखायचे कसे?

सह्यपठार

दोन वर्षांत पाच किलो, आणि पोट सुटले नसेल तर, ही वाढ अजिबात तुच्छ नाही.

नवख्या माणसाची ताकद पहिल्या सहा-आठ आठवड्यांत झपाट्याने वाढते, पण ती वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते. मेंदू आणि मज्जातंतू असलेल्याच स्नायूंना अधिक प्रमाणात आणि अधिक मेळाने कामाला लावायला शिकतात. त्या काळात स्नायू फुगल्यासारखे दिसतात, त्यातही बराचसा भाग सूज आणि पाण्याचा असतो. खरी बांधणी त्यानंतर, अगदी सावकाश होते. एकदा कसून व्यायाम केला की त्या स्नायूत प्रथिने बांधण्याचा वेग साधारण २४ ते ४८ तास वाढलेला राहतो आणि मग पूर्ववत होतो. म्हणजे एका व्यायामाचे फळ एक-दोन दिवसांचे, आणि तेही ग्रॅमांत मोजण्याजोगे. अशी शेकडो फळे साठली की आरशात काही दिसते.

अनेक प्रशिक्षक वापरतात तो ढोबळ आडाखा असा की, सगळे नीट जमले तर पहिल्या वर्षी पुरुषाला महिन्याला अर्धा ते एक किलो स्नायू मिळू शकतो, दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मा, तिसऱ्या वर्षी त्याच्याही निम्मा. वेग असा घटत जाणार हे आधी ठाऊक नसले, तर माणूस तिसऱ्या वर्षी स्वतःला दोष देऊ लागतो आणि चुकीच्या दाराशी जाऊन उभा राहतो.

औषधयोजना

मी व्यवसायाने डॉक्टर आहे. त्या तरुणाशी तुलना करण्याबद्दल एक जुना प्रयोग सांगतो. अमेरिकेत डॉ. शलेंदर भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३ निरोगी पुरुषांवर केलेला हा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. सर्वांना पूर्वी वजने उचलण्याचा अनुभव होता. त्यांचे चार गट केले. काहींना आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक), काहींना औषध नसलेली सुई. आणि या दोहोंतही अर्ध्यांना व्यायाम, अर्ध्यांना व्यायामबंदी. दहा आठवड्यांनी चरबी वगळता उरणारे वजन मोजले. औषधाविना व्यायाम करणाऱ्यांचे सुमारे २ किलोंनी वाढले होते. औषध घेऊन काहीही व्यायाम न करणाऱ्यांचे सुमारे ३ किलोंनी. दोन्ही करणाऱ्यांचे सुमारे ६ किलोंनी.

मधला आकडा पुन्हा वाचावा. बसून राहिलेला माणूस घाम गाळणाऱ्याच्या पुढे गेला. त्यामुळे शेजारच्या बाकावरच्या तरुणाचा वेग हे तुमच्या कष्टाचे माप होऊच शकत नाही. बाहेरून हे संप्रेरक मिळू लागले की शरीर स्वतःचे उत्पादन थांबवते, वृषणे आकसतात, शुक्रजंतू घटतात, चांगले कोलेस्टेरॉल खाली येते, आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होऊ शकते. अपत्य होत नाही म्हणून आलेले, बाहेरून धडधाकट दिसणारे तरुण मी तपासलेले आहेत. त्यांच्या पत्नीच्या समोर ते हे बोलायला तयार नसतात.

रोखठोक

वरील दोन्ही प्रतिसाद योग्य आहेत, तरीही माझे मत थोडे निराळे आहे. नैसर्गिक व्यायाम करणाऱ्यांच्या जगात ‘संयम’ हा शब्द पुष्कळदा पांघरूण म्हणून वापरला जातो. मी स्वतः सलग तीन वर्षे तीच वजने तेवढ्याच वेळा उचलली, दर वर्षी संयमाचे गोडवे गायले, आणि शरीर जसेच्या तसे राहिले. ज्या जमिनीत पेरलेच नाही, तिच्या बांधावर बसून पावसाची वाट पाहण्याला शेतकरी संयम म्हणत नाही.

धागाकर्त्यांना माझे दोनच प्रश्न आहेत. गेल्या नोव्हेंबरात तुम्ही बेंच प्रेसला (बाकावर उताणे पडून छातीवरून वजन वर ढकलण्याचा प्रकार) किती किलो, किती वेळा करत होता, आणि आज किती करता? दुसरा प्रश्न, आठवड्यातून नक्की किती दिवस जाता?

वारणाकाठ

प्रामाणिक उत्तर देतो. आज ५० किलो, ८ वेळा, तीन सेट (फेऱ्या). नोव्हेंबरातही बहुधा तेवढेच असावे. मी वही ठेवत नाही, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. आठवड्याला चार दिवस जातो.

रोखठोक

‘बहुधा’ आणि ‘असावे’ या दोन शब्दांतच तुमच्या मूळ प्रश्नाचा अर्धा भाग आहे. उद्याच वही घ्या. मागच्या दिवसांसाठी व्यायामशाळेचे हजेरीपुस्तक असेल, तर तेही एकदा पाहा.

लालमाती

माझे वय ६८ आहे. कोल्हापूरच्या एका तालमीत मी बाराव्या वर्षी पाऊल टाकले. तिथे वही नव्हती, पण मोजदाद मात्र कडक होती. वस्ताद पहिल्या दिवशी २५ जोर आणि ५० बैठका घालायला लावत, आणि आठ दिवसांनी त्यात पाच जोर आणि दहा बैठकांची भर पडे. तेवढीच, जास्त घालायची मुभा नसे. मला तेव्हा उत्साह फार होता. एकदा मी त्यांच्या नकळत दुप्पट बैठका घातल्या आणि दुसऱ्या दिवशी मांड्या आखडल्यामुळे जिना उतरता येईना. वस्ताद रागावले नाहीत. चार दिवस त्यांनी मला फक्त आखाड्याची माती खणायला आणि चाळायला लावली. माती खणण्याने पाठ, खांदे आणि मनगटे कशी तयार होतात, हे मला त्या चार दिवसांत कळले.

दोन वर्षांनी आमच्यातले बहुतेक जण ३०० जोर आणि ५०० बैठकांपर्यंत पोहोचले होते, आणि ते नेमके कधी घडले हे कोणालाच सांगता आले नसते. आम्हांला संयम शिकवावा लागला नाही, कारण पुढच्या आठवड्याचा आकडा आधीच ठरलेला असे आणि आमचे लक्ष तेवढ्यावरच असे. रोखठोक यांनी तुम्हांला वही सुचवली. आमच्या बाबतीत ती वही वस्तादांच्या डोक्यात होती, एवढाच फरक आहे.

निशिगंध

हा धागा पुरुषांनीच भरला आहे, म्हणून माझा अनुभव मुद्दाम लिहिते. मी नाशिकची, वय ४९. तीन वर्षांपूर्वी रजोनिवृत्तीच्या सुमारास गुडघे आणि कंबर धरू लागली, म्हणून वजने उचलायला सुरुवात केली. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात आणि या वयात बायकांची हाडेही वेगाने ठिसूळ होतात, हे डॉक्टरांनी समजावले होते.

तीन वर्षांपूर्वी माझे वजन ५८ किलो होते, आजही ५८ किलोच आहे. केवळ वजनकाट्यावर विश्वास ठेवला असता, तर सहाव्या महिन्यातच मी व्यायाम सोडला असता. पण कंबर तीन इंचांनी कमी झाली, आणि रिकाम्या रॉडने स्क्वॉट करताना डळमळणारी मी आज ४० किलो खांद्यावर घेऊन आठ वेळा खाली बसून उठते. पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार पूर्वी मुलाला हाक मारून चढवून घेत असे, तो आता मीच चढवते. धागाकर्त्यांना सुचवावेसे वाटते की आरसा हा सर्वांत उशिरा उत्तर देणारा साक्षीदार आहे. त्याच्या आधी बोलणारे दोन-चार साक्षीदार जवळ ठेवावेत: उचललेले वजन, मोजपट्टी, महिन्यातून एकदा त्याच जागी त्याच उजेडात काढलेले छायाचित्र, आणि घरातली कामे.

सह्यपठार

निशिगंध ताई, अगदी योग्य. त्यात एवढीच भर घालतो की वजनही रोज पाहून मनाला लावून घेऊ नये. मीठ, पाणी आणि पोटातल्या अन्नामुळे ते एका दिवसात किलो-दीड किलो सहज हलते. सकाळी उठल्यावर रोज नोंदवावे आणि फक्त आठवड्याच्या सरासरीची तुलना करावी.

तोल

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि संयमाचे एक शारीरिक कारण अजून कोणी मांडलेले नाही. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून तो भाराला लवकर जुळवून घेतो. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरेचे तसे नसते; तिच्यातल्या पेशी मोजक्या, रक्तपुरवठा तुटपुंजा आणि बदलाचा वेग मंद. त्यामुळे असा एक काळ येतो, जेव्हा स्नायू म्हणतो की दहा किलो वाढवा आणि कंडरा अजून मागच्या मुक्कामावरच असते.

हे मी पुस्तकातून शिकले होते, तरीही स्वतःच्या शरीराला लागू केले नाही. पुल-अप जमू लागल्याच्या आनंदात दोन महिने रोज घातले आणि कोपराच्या आतल्या बाजूची कंडरा दुखावली. बरे व्हायला आठ महिने लागले. सुरुवातीला चहाची किटली उचलतानाही कळ येत असे. दोन महिन्यांची घाई आणि आठ महिन्यांची भरपाई, हा हिशेब मी आता प्रत्येक रुग्णाला सांगते. लालमाती काकांच्या वस्तादांनी ‘तेवढीच भर, जास्त नाही’ हा जो नियम ठेवला होता, तो कंडरेच्या दृष्टीने अतिशय शहाणपणाचा होता.

ज्वारीची_भाकरी

आहाराचा विषय निघाला नाही याचे आश्चर्य वाटते. संयम कितीही असला, तरी पुरेसा खुराक नसेल तर शरीर बांधणार कशातून? शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने मिळाली, तर स्नायूंच्या वाढीसाठी बहुतेकांना ती पुरतात. धागाकर्त्यांच्या ६६ किलोंना हा आकडा साधारण १०५ ग्रॅम होतो.

मी शाकाहारी आहे आणि माझे वजनही जवळपास तेवढेच आहे, म्हणून माझे रोजचे गणित देतो. ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या म्हणजे २६ ग्रॅम प्रथिने. अर्धा लिटर दूध सुमारे १६. १०० ग्रॅम पनीर १८. ५० ग्रॅम डाळ ११ ते १२. मूठभर शेंगदाणे ७ ते ८. आणि दिवसभरातल्या भाकऱ्या-पोळ्या मिळून सुमारे २०. ही बेरीज शंभराच्या आसपास जाते आणि वाटीभर दह्याने पूर्ण होते. प्रथिनांच्या भुकटीचा महागडा डबा न घेताही हे जमते, पण ‘मी व्यवस्थित जेवतो’ या समजुतीवर ते सोडून भागत नाही. मी पहिल्यांदा मोजले, तेव्हा माझी बेरीज ५५ भरली होती, आणि त्यावर मी दीड वर्ष काढले होते.

हुगळीकिनारी

गेली वीस वर्षे मी कोलकात्यात आहे. या शहरात संयमाचा विषय निघाला की शरीरसौष्ठवपटू मनोहर ऐच यांचे नाव येतेच. उंची ४ फूट ११ इंच. ब्रिटिशांच्या हवाई दलात नोकरीला असताना एका गोऱ्या अधिकाऱ्यावर हात उचलल्यामुळे त्यांना तुरुंगवास झाला, आणि कोणतीही साधने नसताना त्यांनी तिथे तासन् तास व्यायाम केला. १९५१ साली लंडनच्या मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत त्यांना आपल्या गटात दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. ते परत आले नाहीत. तिथल्या रेल्वेत नोकरी धरून वर्षभर सराव करत राहिले आणि १९५२ साली त्याच स्पर्धेत आपला गट जिंकला. तेव्हा त्यांचे वय चाळीस होते. आहार भात, डाळ, मासे, दूध आणि फळे असा साधा. २०१६ साली, वयाची शंभरी ओलांडून, ते गेले.

मला त्यांच्या विजयापेक्षा ते मधले एक वर्ष मोठे वाटते. परक्या देशात, थंडीत, दिवसा रेल्वेची नोकरी आणि त्याखेरीज व्यायाम.

एक_पालक

विषयाला धरूनच विचारतो. माझा मुलगा १७ वर्षांचा आहे आणि व्यायामशाळेत जायला लागून पाच महिने झाले. परवा त्याने विचारले की व्यायामाआधी एक इंजेक्शन घेतात, त्याने थकवा येत नाही, ते घेतले तर चालेल का. मी हादरलो. तो मोकळेपणाने बोलला म्हणून मी रागावलो नाही, पण त्याला काय सांगावे?

औषधयोजना

तुम्ही रागावला नाहीत हे फार चांगले केले. मुलगा बोलता राहणे हाच सर्वांत मोठा बचाव आहे. त्याचा रोख बहुधा मेफेन्टरमाइनकडे असावा. आपल्या राज्यातल्या व्यायामशाळांत त्याचा गैरवापर होत असल्याच्या बातम्या वारंवार येतात. शस्त्रक्रियेत भूल दिल्यानंतर रक्तदाब खाली गेला, तर तो वर आणण्यासाठी रुग्णालयात वापरायचे हे औषध आहे. त्याने स्नायू वाढत नाहीत. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, थकवा जाणवेनासा होतो, सवय लागते, आणि काहींना भ्रम होऊ लागतात. थकवा ही शरीराची सूचना असते; ती सूचना बंद करून हृदयावर भार टाकणे किती धोक्याचे आहे, हे मुलाला शांतपणे समजावून सांगा. सतराव्या वर्षी शरीराची स्वतःची संप्रेरके भरात असतात. त्याला आठ-नऊ तास झोप, पोटभर जेवण आणि वजने उचलण्याची योग्य पद्धत शिकवणारा माणूस मिळाला, तर बाहेरच्या कशाचीही गरज नाही.

मंचाखालून

मी नैसर्गिक गटाच्या स्पर्धांत उतरतो, ज्यांत मूत्रतपासणीबरोबर खोटे पकडणाऱ्या यंत्रावरची चाचणीही होते. व्यायामाला दहा वर्षे झाली. मंचावर पहिल्यांदा व्यायामाच्या सातव्या वर्षी गेलो. धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण मुदत किती हे कोणीच थेट सांगितले नाही.

माझे उत्तर असे की मुदती दोन असतात. रोजच्या कामाची मुदत चार ते सहा आठवडे. तेवढ्या काळात एखाद्या प्रकारात ना वजन वाढले, ना आवर्तने वाढली, ना पद्धत सुधारली, तर तिथे संयम ठेवू नये. झोप, खुराक, सेटची संख्या यांतले काहीतरी बदललेच पाहिजे. शरीर घडण्याची मुदत मात्र पाच ते सात वर्षे आहे, आणि तिथे घाई करून काहीच मिळत नाही. लोक नेमके उलटे करतात. शरीराबाबत अधीर होतात आणि थांबलेल्या आकड्यांबाबत सहनशील राहतात.

पद्धत सोपी आहे. ५० किलो ८ वेळा जमते ना, मग तेच वजन ठेवून ९, १०, असे करत तिन्ही सेटमध्ये १२ पर्यंत न्या. मग अडीच किलो वाढवून पुन्हा ८ पासून सुरू करा. दोन-तीन महिन्यांनी एक आठवडा मुद्दाम हलका ठेवा. त्या आठवड्यात हात शिवशिवतात, अपराधी वाटते, तरीही तो हलकाच ठेवावा. मला हा आठवडा पाळायला शिकण्यासच चार वर्षे लागली.

पहिल्या स्पर्धेआधी मी वीस आठवड्यांत ७४ किलोंवरून ६५ वर आलो. चरबी उतरल्यावर सात वर्षांत खरोखर काय कमावले ते पहिल्यांदा दिसले. पाठ अपेक्षेहून चांगली निघाली आणि मांड्या फारच कमी. मग पुढची तीन वर्षे मांड्यांना दिली.

वारणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. रोखठोक यांच्या सांगण्यावरून काल व्यायामशाळेचे हजेरीपुस्तक मागून घेतले आणि दोन वर्षांच्या सह्या मोजल्या. २०९ भरल्या. आठवड्याला चार दिवस म्हणजे चारशेच्या वर भरायला हव्या होत्या. मी खोटे सांगितले नव्हते. मला खरोखर तसेच वाटत होते. मी पतसंस्थेत काम करतो. मार्चअखेरीस महिना महिना एकही सही नाही, गणपतीत नाही, लग्नसराईत तुरळक, आणि आजारपणानंतर तीन आठवडे कोरे. म्हणजे पाच किलो मला आठवड्याला दोन दिवसांत मिळाले आहेत.

जेवणाचीही बेरीज केली. अंड्यांसह ६८ ग्रॅम.

रोखठोक

सह्या मोजायला बसणे आणि आकडा इथे येऊन लिहिणे सोपे नव्हते. तुमच्या शरीरात काही खोट नाही, हे आता तुम्हांलाच दिसले असेल.

लालमाती

मार्चअखेरीसाठी घरच्या घरी जोर-बैठका ठेवा. वीस मिनिटे लागतात आणि सतरंजीखेरीज काही लागत नाही.

वारणाकाठ

काका, तसेच ठरवले आहे. आज वहीचे पहिले पान लिहिले: बेंच प्रेस ५० किलो, ९, ८, ८. एक अडचण आली. आमच्याकडे सर्वांत लहान चकती अडीच किलोची आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना लावली की एकदम पाच किलो वाढतात. मालकांना विचारले. सव्वा किलोची एक जोडी पुढच्या आठवड्यात मागवतो म्हणाले.

मंचाखालून

तोवर बारापर्यंत जा. पुढच्या आठवड्यात लागणारही नाहीत त्या चकत्या.